सतरा नंबरचा विद्यार्थी

माझ्या वर्गातला सगळ्यात नियमित विद्यार्थी मी अडीच वर्षं पाहिलाच नव्हता. हजेरीपटावर त्याचा नंबर सतरा. एकही तास बुडवलेला नाही, घरचा अभ्यास वेळेवर, चाचणीत वीसपैकी पंधरा. एकदा घाटनांदूरला वडिलांकडं गेले असताना मी त्याचं कौतुकही केलं होतं. म्हटलं, अप्पा, एक पोरगा आहे, कधी चुकत नाही, कधी उलटून बोलत नाही. बोलून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की हा पोरगा मीच बनवलेला आहे. तरी मी ते वाक्य मागं घेतलं नाही.

कसा बनवला ते सांगते. आमचं कॉलेज केजपासून जीपनं अर्ध्या तासावर, रस्त्याला लागून. मागं तुरीची रानं, समोर चहाची टपरी आणि झेरॉक्सचं दुकान. मी तिथं सोळा वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. हा विषय घेऊन पोलीस भरती होत नाही की तलाठी होता येत नाही, त्यामुळं आपण होऊन तो कुणी घेत नाही. पट भरला नाही तर विभाग बंद, आणि विभाग बंद झाला की बाई अतिरिक्त. म्हणून दर जूनमध्ये आमचे हेडक्लार्क वीस नावं पुरी करायचे. कुणाला एसटीचा पास हवा असायचा, कुणाला स्थळाच्या कागदावर ‘बी.ए. चालू’ लिहायचं असायचं, आणि दोनचार नावं संस्थाचालकांच्या मागंपुढं फिरणाऱ्या पोरांची असायची. वर्गात यायच्या चौघी. आमच्याकडं याला कुणी खोटं म्हणत नाही, सांभाळून घेणं म्हणतात. मीही तेच म्हणायची.

बाकीचे प्राध्यापक महिनाअखेरीला ऑफिसात बसून एका दमात सगळ्या हजेऱ्या मांडायचे. मला ते जमेना. मी हट्टी, शिवाय स्वतःला जरा वरच्या प्रतीची समजणारी. मी रोज वर्गात वीसच्या वीस नावं मोठ्यानं घ्यायची. माझी समजूत अशी, की नाव पुकारलं आणि कुणीतरी ‘हजर’ म्हणालं, तर त्या खुणेला निदान एका आवाजाचा आधार राहतो. चौघींनी नावं आपसात वाटून घेतली होती. मी मान खाली घालून पुकारायची आणि त्या आलटून पालटून उत्तर द्यायच्या. नऊ नंबरची खोली रांगेच्या टोकाला, वर पत्रे. उन्हानं पत्रे तडतडायचे आणि रिकाम्या बाकांवरून वीस जणांचं ‘हजर’ यायचं. बाहेरून जाणाऱ्याला वर्ग भरलेला वाटत असणार.

जानेवारीतली गोष्ट. थंडीमुळं म्हणा की कुणाच्या लग्नामुळं, त्या दिवशी दोघीच आल्या होत्या. मी पुकारत गेले. सतरा आला आणि ‘हजर’ आलं, दाटलेल्या, पुरुषी म्हणावा अशा आवाजात. का कोण जाणे, मी मान वर केली. दोघी माझ्याकडं टक लावून बघत होत्या आणि दोघींची तोंडं मिटलेली होती. कोण बोललं, असं मी विचारलं. त्यांनी एकमेकींकडं पाहिलं. शेवटी दिंद्रुडच्या बाजूनं येणारी जी होती, ती खालच्या आवाजात म्हणाली, “मॅडम, सतराचं तुमीच म्हणता. पयल्या वर्षापास्नं. आवाज बदलून.”

मी हसण्यावारी नेलं आणि पुढचा नंबर पुकारला. त्या दिवसापासून सतरा आला की मी ओठ दाबून धरायची. कधी आवाज यायचा, कधी नाही यायचा. आला तर तो कुठून आला हे मी बघत नसे.

त्या सत्रात मी युद्धानंतरचा फ्रान्स शिकवत होते. अभ्यासक्रमातला माझा सगळ्यात लाडका भाग. दरवर्षी तिथं आले की मला चढतं आणि मी पुस्तक मिटून बोलते. पॅरिस चार वर्षं जर्मनांच्या ताब्यात होतं. त्या वर्षांत ज्यू माणसांच्या याद्या झाल्या, आणि त्या काही सगळ्या जर्मनांनी बसून लिहिल्या नाहीत. तिथल्याच कारकुनांनी लिहिल्या, सुवाच्य अक्षरात, डबा खाऊन झाल्यावर. त्या याद्यांवरून घरातली माणसं उचलली आणि गाड्यांत भरली. युद्ध संपल्यावर जो तो म्हणू लागला, मी फक्त लिहिलं. तेव्हा तिथल्या तत्त्वज्ञांच्या एका पिढीनं ठणकावून सांगितलं की वरवंटा हा वरवंटाच असतो, पण माणूस कधी नुसता कारकून नसतो. त्याला दर घटकेला काहीतरी निवडावंच लागतं, आणि ‘माझा नाइलाज होता’ म्हणणारा आधी स्वतःला गंडवतो. पुढं त्याच फ्रान्सनं अल्जीरियात कैद्यांचे हाल केले. त्याविरुद्धच्या कागदावर ज्यांनी सह्या केल्या, त्यांतल्या काही प्राध्यापकांच्या नोकऱ्यांवर गदा आली. आणि मग आणखी एक पिढी आली, ती या स्वातंत्र्यालाच हसली. ती म्हणाली, शाळा, दवाखाना, तुरुंग यांच्या वह्यांत तुमची नोंद जशी होते तसे तुम्ही घडत जाता. नोंद आधी, माणूस मागून.

तो मंगळवार होता. अकराचा तास. चौघी होत्या. याद्यांचं सांगून झालं तेव्हा दिंद्रुडकडच्या मुलीनं विचारलं, “त्या लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं का, मॅडम, यादीचं पुढं काय होणार ते?”

मी म्हणाले की ठाऊक करून घ्यायचं नाही, हेही त्यांनी ठरवलेलंच असतं. चांगलं उत्तर होतं. मी खूश होते. हजेरीपट माझ्या काखेत होता.

त्याच मंगळवारी अकराच्याच सुमाराला दिंद्रुडच्या पलीकडं एका लहान गावात एका माणसाला मारलं. विहिरीवरच्या मोटारी रिवाइंड करायचं त्याचं दुकान होतं. त्या गावची ग्रामपंचायत कायम बिनविरोध व्हायची. म्हणजे कुणी उभं राहायचं ते एका ओसरीवर ठरायचं आणि बाकीचे घरी बसायचे. यंदा ह्यानं फॉर्म भरला, आणि सांगूनही मागं घेतला नाही. तिघं आले आणि त्याच्याच दुकानातल्या पाइपांनी मारून गेले. पाय दोन जागी मोडला, एका कानानं ऐकू येईनासं झालं. तिघांतला एक त्यानं ओळखला. बुधवारी सकाळी पेपरात मी ते नाव वाचलं तेव्हा ते इतकं तोंडातलं वाटलं की मी ते मोठ्यानं म्हणून पाहिलं. त्याबरोबर कळलं की हे नाव मी रोज पुकारते.

त्याच दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. केबिनमध्ये एक तरुण बसला होता. भांग काढलेला, अत्तराचा वास, चेहऱ्यावर मोठी अदब. कुणी पालक असेल असं मला वाटलं. तो उठला आणि वाकून माझ्या पाया पडला.

“मॅडम, मी तुमचा विद्यार्थी. सतरा नंबर.”

माझ्या तोंडून आशीर्वाद निघून गेला. सवयीनं निघतो तो.

“काल तुमी याद्या लिवणाऱ्या कारकुनांचं शिकवलं न्हवं? लई आवडलं मला,” तो म्हणाला. “आसंच शिकवत जावा.”

रोज काय शिकवलं ते आम्ही एका दैनंदिनीत लिहितो आणि ती प्राचार्यांच्या कपाटात असते. पण हे मला नंतर, जीपमध्ये बसल्यावर सुचलं. त्या क्षणी माझ्या मनात एवढंच आलं की हा तिथं होता. बाकांखाली, पत्र्यावर, कुठंतरी होता आणि ऐकत होता. प्राचार्य शांतपणे म्हणाले की पोलीस येतील, पट नेतील, तुम्हाला वेगळं काही सांगायची गरज नाही, पटच बोलेल. विचारलंच तर एक ‘हो’ म्हणा. विभागाचं मी बघतो.

गुरुवारपासून तो वर्गात येऊ लागला. दुसऱ्या बाकावर, खिडकीपाशी, निळा शर्ट घालून. चौघी भिंतीकडं सरकून बसल्या. मी पुकारत सतराशी आले आणि थांबले.

“हजर,” तो म्हणाला.

तो आवाज माझा होता. म्हणजे अडीच वर्षं मी त्याच्यासाठी जो काढत होते, दाटलेला, अगदी तोच. मी टेबलाला धरून उभी राहिले. योगायोग असेल. दाटलेल्या आवाजाचे पुरुष काय कमी आहेत आपल्याकडं? पण भीती वाटली ती वाटलीच. माणूस आधी असतो आणि आपण त्याची नोंद करतो, असं मी आयुष्यभर धरून चालले होते. इथं मी नोंद करत गेले होते आणि तिच्यातून हा उठून आला होता.

तो पंधरा दिवस आला. वही उघडायचा, लिहायचा नाही, हसरा चेहरा करून ऐकायचा. मला सगळ्यात जास्त घाबरवलं ते त्यानं नाही, तर त्या चौघींनी. एक दिवस तो गेल्यावर मी दार लोटून घेतलं आणि विचारलं की त्या मंगळवारी वर्गात कोण कोण होतं, आठवून सांगा. तिघींनी चौथीकडं पाहिलं. दिंद्रुडकडची म्हणाली की तो होता. खिडकीपाशी बसला होता, निळ्या शर्टात, तिनं प्रश्न विचारला तेव्हा त्यानं वळून पाहिलं होतं. धमकावलेल्या माणसाचे डोळे मला कळतात. सोळा वर्षं कॉप्या पकडल्या आहेत मी. ती थापा मारत नव्हती. तिला तो खरोखरच दिसत होता.

आणि मग मलाही दिसू लागला. भांडी घासताना, जीपची वाट बघताना मी तो मंगळवार आठवून बघायची. फळा, खडू, पत्र्यांचा आवाज, त्या मुलीचा प्रश्न, सगळं जिथल्या तिथं. आणि खिडकीपाशी निळा शर्ट. मी त्याला काढून टाकायचा प्रयत्न करायची. बाक रिकामा करायची. पुन्हा बघावं तर तो बसलेलाच, हसऱ्या चेहऱ्यानं. दहा दिवसांनी मला त्याच्या शर्टाची तुटकी गुंडीही आठवू लागली. स्वतःच्या डोक्यात परका माणूस येऊन बसलाय, आणि बसायला जागा आपणच दिलीय, ही गोष्ट कुणाला सांगायची? नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, मग होताच की तो. कशाला ताणतेस?

रविवारी घाटनांदूरला गेले. आमचं किराणा दुकान. अप्पा रोज सकाळी इष्टलिंग तळहातावर घेऊन बसतात, मगच शटर वर करतात. पूजा होईपर्यंत मी समोर बसून राहिले, मग सगळं सांगितलं. सांगताना मला वाटत होतं की ते म्हणतील, नोकरी सांभाळ, पोरांची शिक्षणं व्हायचीत. ते तळहाताकडं बघत होते.

“हे हातात हाय तवर मला खोटं बोलवत न्हाई,” ते म्हणाले. “म्हणून गळ्यात घालतो आन् मग दुकान उघडतो.” हा त्यांचा जुना विनोद. मग मान वर न करता त्यांनी विचारलं, “त्यो केबिनमधी तुला भेटला तवा तू वळखलं का त्याला?”

मी म्हणाले, नाही. पालक वाटला मला.

“मंग झालं की,” म्हणून ते दुकानात गेले.

मी तिथंच बसून राहिले. इतकं साधं होतं. ज्याला मी मंगळवारी तासभर समोर पाहिलं, त्याला बुधवारी ओळखणार नाही का? त्याला स्वतःचा नंबर सांगावा लागला होता. माझ्या डोक्यातला निळा शर्ट कितीही खरा वाटो, तो गुरुवारचा होता. मला रडू आलं. सुटल्यासारखं वाटलं म्हणून नव्हे, तर आता ‘मला नक्की आठवत नाही’ असं म्हणायची सोय उरली नव्हती म्हणून.

सोमवारी ठाण्यात जाऊन मी जबाब दिला. तो त्या दिवशी वर्गात नव्हता, अडीच वर्षांत कधीच नव्हता, हजेरी मी खोटी लावली, आणि असं मी बऱ्याच वर्षांपासून करत आले. तपास करणाऱ्या फौजदारांनी दोनदा विचारलं की हे लिहिल्यावर तुमचं काय होईल ते माहीत आहे ना. मी हो म्हणाले आणि सही केली. बाहेर पडल्यावर टपरीवर दोन कप चहा प्याले. मला स्वतःचा मोठा अभिमान वाटत होता, खोटं कशाला बोलू. पॅरिसच्या त्या सह्या करणाऱ्यांच्या रांगेत मी मनानं जाऊन उभीसुद्धा राहिले होते.

तीन आठवड्यांनी फौजदारांनी पुन्हा बोलावलं. टेबलावर कॉलेजातून आलेली कागदपत्रं होती. त्यांनी एकेक माझ्यापुढं सरकवली. प्राध्यापकांचं मस्टर, त्यात त्या मंगळवारी माझ्या नावापुढं लाल शाईत रजा. सोबत किरकोळ रजेचा अर्ज, कारण ‘घरगुती’. हजेरीपटावर त्या तासापुरती दुसऱ्या एका प्राध्यापकाची सही. आणि चौघींचा मिळून एक लेखी जबाब, की त्या दिवशी मॅडम आल्या नव्हत्या, तास दुसऱ्या सरांनी घेतला आणि वर्गात आम्ही पाच जण होतो.

रजेच्या अर्जावरची सही माझीच होती. नक्कल नाही, माझीच, शेवटी रेघ खाली ओढलेली. आमच्याकडं सगळेच जूनमध्ये पाचसहा कोऱ्या अर्जांवर सह्या करून हेडक्लार्ककडं ठेवून देतात, ऐनवेळी कुणाचं काही निघालं तर असावेत म्हणून. तेही सांभाळून घेणंच. हे मी फौजदारांना सांगितलं. ते म्हणाले की बाई, तुम्हीच म्हणता पट खोटा, तुम्हीच म्हणता अर्ज खोटा, आणि दोन्हींवर सह्या तुमच्या. मी नोंदवून ठेवतो, पण जी त्या दिवशी कॉलेजात नव्हती तिची साक्ष काय कामाची? आवाज चढवला नाही त्यांनी. पुढच्या फाइलीला हात घातला.

मी बाहेर व्हरांड्यात आले. आठवून बघू लागले. मंगळवार. नऊ नंबरची खोली, फळा, पत्रे, चौघी, खिडकीपाशी तो. सगळे होते. टेबलामागं मात्र कुणी दिसेना. मी डोळे मिटून पुन्हा पाहिलं. टेबलावर खडूचा डबा होता, पट उघडा होता आणि खुर्ची रिकामी होती. इतक्या दिवसांत मला कशाची भीती वाटली नसेल तेवढी त्या खुर्चीची वाटली.

व्हरांड्यातल्या बाकावर एक बाई बसली होती. मांडीवर औषधांची पिशवी, पदर घट्ट आवळून घेतलेला. माझ्याकडं बघत होती. म्हणाली की मी त्या रिवाइंडिंगवाल्याची बायको, तुमी कॉलेजातल्या मॅडम न्हवं का, आत तुमचं नाव घेत होते. मी तिच्याजवळ उभी राहिले आणि कशी कोण जाणे, सगळं सांगून टाकलं. पटाचं, अर्जाचं. वाटलं होतं ती शिव्या देईल. देती तर बरं झालं असतं. ती ऐकत राहिली आणि तिनं एवढंच विचारलं, “इतकी वर्षं काहून लावली मग त्याची हजेरी?”

सोळा वर्षं शिकवलेलं सगळं माझ्या ओठांवर आलं, आत्मवंचना काय, व्यवस्था काय, नोंद आणि माणूस काय. त्यातलं एकही तिच्यापुढं ठेवण्याजोगं नव्हतं.

“नोकरीसाठी,” मी म्हणाले.

तिनं मान हलवली. तिला ते कळलं. मग म्हणाली, “आन् त्या दिशी तुमी कुठं होत्या?”

मी ती खोली पुन्हा आठवून पाहिली, खुर्ची रिकामीच. ती वाट बघत होती. तिच्या नवऱ्याचा पाय मोडला तेव्हा तो कुठं पडला होता हे ती विसरणार नव्हती, आणि मला माझी स्वतःची जागा सापडत नव्हती.

“वर्गात,” मी म्हणाले. “शिकवत होते.”

“आन् तो?”

“तो नव्हता.”

“मंग हे आत जाऊन सांगा की, बाई. भायेर मला सांगून काय उपेग?”

मी म्हणाले, सांगून झालंय, ते ऐकत नाहीत. तिनं पिशवी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली आणि माझ्यावरची नजर काढली नाही. मी वळले. दार उघडंच होतं. फौजदारांनी मान वर केली तेव्हा मी त्यांना माझं नाव सांगितलं आणि म्हणाले की मंगळवारी अकराला मी नऊ नंबरच्या खोलीत होते, लिहून घ्या, आणि लिहून होईपर्यंत मी इथंच उभी आहे.